दारू आणि बायपोलर एकाच माणसात असेल तर: केंद्रात ठेवावं की घरून उपचार?

एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. भाऊ ३६ वर्षांचा, घरची ऊसशेती, लग्न झालेलं, एक मुलगी. दारू बारा-तेरा वर्षं. गेली चार वर्षं सकाळी डोळा उघडला की लागते. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात महिना-सव्वा महिना राहून आला, दोन्ही वेळा तीन-चार महिन्यांत पुन्हा सुरू. गेल्या दिवाळीत दहा दिवस झोपला नाही, गावजेवण घालायला निघाला, ट्रॅक्टर विकायला काढला. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी बायपोलर सांगितलं (मन कधी अति उसळतं, कधी खोल उदास होतं असा आजार), आणि मन ताळ्यावर ठेवणाऱ्या लिथियम आणि ओलान्झापिन या गोळ्या दिल्या. पुढे तिसऱ्यांदा केंद्रात नेलं, तर तिथे ‘हा दिवसभर झोपतोय, गोळ्यांनी मंद झालाय’ म्हणून दोन्ही गोळ्या बंद केल्या. पंधरा दिवसांत तो पुन्हा उसळला आणि केंद्राने घरी धाडला. आता डॉक्टर म्हणतात आधी दारू सोडवून आणा, केंद्रवाले म्हणतात आधी डोकं शांत करून आणा. वहिनी म्हणतात सहा महिने कुठेतरी ठेवा, आई म्हणतात घरीच औषध करू. कुणाचं ऐकू?

ताई, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. पहिली सात वर्षं सरकारी रुग्णालयात काढली, त्यानंतर सतरा-अठरा वर्षं स्वतःची ओपीडी आणि आठवड्यातले दोन दिवस एका निवासी केंद्रात. तुमच्या भावाला ज्या दोन बाजू एकमेकींकडे टोलवतायत त्या दोन्हींकडे मी बसलेलो आहे, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या वर्षांत मीही टोलवलेलं आहे.

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. त्याला दाखल करा, पण दोन टप्प्यांत. पहिले आठ-दहा दिवस रुग्णालयात, जिथे रात्री दोन वाजता डॉक्टर जागेवर असतो. त्यानंतर चार-पाच आठवडे अशा केंद्रात, जिथे मानसोपचारतज्ज्ञ नेमाने येतो आणि मनाच्या गोळ्या चालू ठेवल्या जातात. मग दोन वर्षं ओपीडी, न चुकता. दोन्ही आजारांची फाईल एकच आणि तिच्यावर सही करणारा माणूसही एकच. हे जमलं तर केंद्र कुठलं, किती दिवसांचं, खोलीत पंखा आहे की एसी, या गोष्टी दुय्यम आहेत. वहिनींच्या ‘सहा महिन्यां’बद्दल पुढे बोलतो, त्यांना सहा महिने शांत झोप हवी आहे, एवढं मात्र मला त्या वाक्यातून ऐकू आलं.

आता ही टोलवाटोलवी येते कुठून ते बघू, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे. रोज पिणारा माणूस ओपीडीत येऊन उदास बसला, झोप नाही, जीव नकोसा झालाय म्हणाला, तर ते डिप्रेशन दारूने आणलेलं आहे की स्वतंत्र आहे, हे त्या दिवशी ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. दारू पूर्ण थांबून दोन ते चार आठवडे झाले की बऱ्याच जणांची उदासी आपोआप ओसरते. ज्यांची ओसरत नाही त्यांना गोळी लागते. म्हणून डॉक्टर म्हणतात, ‘आधी थांबवा, मग बघू.’ नियम बरोबर आहे, फक्त तो तुमच्या भावाला लागू होत नाही. दहा दिवस न झोपता ट्रॅक्टर विकायला निघालेल्या माणसाच्या बाबतीत चार आठवडे थांबायची चैन परवडत नाही. या उसळीचा, म्हणजे मॅनियाचा, उपचार पहिल्या दिवसापासून, दारूच्या उपचाराच्या बरोबरीने सुरू करावा लागतो.

आणि तुमच्या पत्रात एक ओळ अगदी ओझरती आहे, पण माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात तीच महत्त्वाची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, दारूला हात लावण्याआधी, तो तीन आठवडे झोपला नव्हता, रात्रभर भजनं म्हणत बसायचा, आणि अंगात आलं म्हणून त्याला देवऋषाकडे नेलं होतं. हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंय का? माझी खात्री आहे, सांगितलं नसणार. कुणी विचारलंच नसेल.

अशा पेशंटच्या पहिल्या भेटीत मी एक लांबडा कागद काढतो. मधोमध आडवी रेघ, रेघेच्या वर झोप आणि मन, खाली दारू. तारखा कुणालाच आठवत नाहीत, म्हणून मी सण विचारतो. पोळा, दसरा, गावची जत्रा, पोरीचं बारसं, कारखान्याचा बॉयलर कधी पेटला, ऊस कधी तुटून गेला. ‘त्या जत्रेला तो पीत होता?’ ‘नाही, त्या जत्रेला तर त्यानेच पालखीपुढे दोन दिवस नाचून काढले, झोपायलाच तयार नव्हता.’ असं करत करत तासाभरात कागद भरतो. लग्नाआधीचं बायकोला ठाऊक नसतं, त्यामुळे हा कागद बहीण नाहीतर आई भरते. दारूच्या आधी वरच्या बाजूला एखादा उंचवटा सापडला, किंवा मधल्या कोरड्या महिन्यांत सापडला, की बायपोलर हा स्वतंत्र आजार आहे हे जवळजवळ नक्की होतं. मग दोनदा केंद्रात राहूनही तो का घसरला हेही उलगडतं. दोन्ही वेळा एकाच आजारावर उपचार झाला होता.

यात तुमचा भाऊ जगावेगळा नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात वीस हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली, तिचे आकडे १९९० साली छापले गेले. बायपोलर असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना आयुष्यात कधी ना कधी दारूचं किंवा इतर अमली पदार्थांचं व्यसन जडलेलं होतं, सुमारे ५६ टक्के. स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास-भ्रमाच्या आजारात, हे प्रमाण ४७ टक्के. म्हणजे हे दोन पाहुणे बऱ्याचदा जोडीनेच घरात शिरतात, आणि आपण मात्र एकाला ओसरीवर बसवून दुसऱ्याची चौकशी करत राहतो.

आता दारू थांबवण्याचे पहिले दिवस. घरी करू म्हणणाऱ्या आईंना हा भाग वाचून दाखवा. ज्याला सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात म्हणून घ्यावी लागते, त्याची दारू एकदम बंद झाली तर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत केव्हाही फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना डिलिरियम होतो: ताप, घाम, छातीत धडधड, आणि भान सुटणं. सरकारी रुग्णालयात असताना एसटीचे एक वाहक तिसऱ्या रात्री पलंगावर बसून तिकिटं फाडत होते. डाव्या हातात नसलेला तिकिटांचा पेटारा, उजव्या हाताने एकेक तिकीट तोडून समोरच्या भिंतीला देणं, मधूनच ‘फाटा आला, उतरा, उतरा’. शेजारचा पेशंट हसत होता. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी नाडी बघितली, १४० होती. असा माणूस घरी असता तर लोकांनी बाहेरची बाधा समजून लिंबू उतरवून टाकलं असतं आणि सकाळपर्यंत तो गेलाही असता. वॉर्डात योग्य डोस मिळाला, पाचव्या दिवशी त्यांनी आम्हालाच विचारलं, माझी ड्युटी कोणी केली?

या दिवसांत क्लोरडायाझेपॉक्साइड किंवा, लिव्हर खराब असेल तर, लोराझेपाम दिलं जातं, भरपूर डोसने सुरू करून आठवडाभरात उतरवत आणलं जातं. त्याबरोबर थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, इंजेक्शनने. आपल्याकडे पिणारा माणूस गळून गेला की गावातले डॉक्टर आधी ग्लुकोजचं सलाईन लावतात, घरच्यांनाही सलाईन लागल्याशिवाय समाधान नसतं. पण थायमिन आटलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते: डोळे तिरळे होणं, तोल जाणं, पुढे आठवणच न राहणं. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. हा क्रम तुम्ही स्वतः विचारला तरी कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही.

झोपेच्या गोळ्यांचं एक सांगून पुढे जातो. वरची औषधं आठ-दहा दिवसांची असतात. ती चिठ्ठी पुढे महिनोन्महिने मेडिकलवर फिरत राहिली, किंवा अल्प्राझोलाम ‘झोपेपुरती’ म्हणून कायमची चिकटली, तर दारूची जागा गोळी घेते. असे पेशंट माझ्याकडे दर आठवड्याला येतात.

तिसऱ्यांदा केंद्रात नेल्यावर तो दिवसभर झोपत होता, म्हणून गोळ्या बंद झाल्या, असं तुम्ही लिहिलंय. तो बिडी ओढतो हेही लिहिलंय. या दोन गोष्टींचा संबंध बहुधा कोणी लावलेला नाही. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर ओलान्झापिन भराभर फस्त करतं. ओढणाऱ्याच्या रक्तात त्याच गोळीचं प्रमाण न ओढणाऱ्यापेक्षा बरंच कमी राहतं. डॉक्टरांनी डोस ठरवला तेव्हा तो दिवसाला दोन बंडलं ओढत होता. केंद्रात बिडी बंद झाली, आठवड्याभरात लिव्हरचा तो वेग ओसरला, आणि तोच डोस दीडपट असल्यासारखा चढला. वरून पहिल्या दिवसांतली विथड्रॉवलची, म्हणजे दारू तुटल्याचा त्रास आवरायची, औषधं. तो झोपणार नाही तर काय करणार? तिथे डोस कमी करायला हवा होता. सगळंच बंद केल्यामुळे, त्यातही लिथियम एका दिवसात तोडल्यामुळे, पंधरा दिवसांत मॅनिया उलटला. लिथियम अचानक थांबवलं की तो लवकर आणि जोरात परततो, हे जुनं, पक्कं निरीक्षण आहे. (हा प्रकार धुरामुळे होतो, निकोटिनमुळे नाही. त्यामुळे तंबाखू-चुना मळणाऱ्याच्या किंवा मशेरी लावणाऱ्याच्या गोळ्यांवर असा परिणाम होत नाही. क्लोझापिन ही मनाच्या आजाराची दुसरी गोळी घेणाऱ्यांच्या घरच्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं.)

केंद्रवाल्यांना मी सरसकट दोष देत नाही. व्यसनमुक्तीची चळवळ आपल्याकडे मुख्यतः बऱ्या झालेल्या माणसांनी आणि समाजकार्यकर्त्यांनी उभी केली, आणि तिच्यात जी माया आहे ती माझ्या ओपीडीत पंधरा मिनिटांत मिळत नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला हात दिला. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, मग पाठपुरावा, बायकांसाठी वेगळा गट, ही घडी तिथून अनेकांनी उचलली. अवचट डॉक्टरीणबाई स्वतः मनोरुग्णालयात काम केलेल्या होत्या, हे मुद्दाम सांगतो. अडचण त्या केंद्रांची आहे जिथे एक बरा झालेला माणूस, एक स्वयंपाकी आणि एक कुलूप एवढ्यावर काम चालतं. तिथे ‘गोळी म्हणजे दुसरी दारूच’ असं शिकवलं जातं. एए, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या गटाच्या सभांमध्येही एखादा जुना सदस्य असं बोलून जातो. एए चं अधिकृत म्हणणं तसं अजिबात नाही. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये असंच त्यांची पुस्तिका सांगते. भावाला सभेला जरूर पाठवा. लिथियम घेत असल्याचं तिथे सांगायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या.

मग केंद्र निवडताना काय बघायचं? फोनवर फीची चौकशी करण्याआधी विचारा, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, आणि लिथियमची रक्तपातळी तुमच्याकडे कशी तपासता? दुसऱ्या प्रश्नाला समोरचा गडबडला तर फोन ठेवा. घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी ते पाळतात की स्वतःच बदलतात, रात्री फिट आली तर गाडी कुठल्या रुग्णालयात जाते, सोडताना कागदावर काय लिहून देतात, हेही विचारा. आणि एकदा न सांगता जेवणाच्या वेळेला जाऊन या. ताटं बघा, माणसांचे चेहरे बघा. ‘पहिले पंधरा दिवस भेट नाही, फोनही नाही’ असं जिथे सांगतात तिथल्याबद्दल मला शंका येते.

‘आम्ही गाडी पाठवतो, चार पोरं येऊन उचलून नेतील’ असं सांगणारेही भेटतील. ते करू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि दारू-अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास त्याच्या व्याख्येत येतात. तुमचा भाऊ स्वतः तयार असेल तर तो कलम ८६ खाली स्वतःच्या सहीने दाखल होतो, आणि जायचं म्हणाला तर साधारणपणे जाऊ शकतो. तयार नसेल, आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेला असेल, तर कलम ८९ आहे. नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाने, अर्ज करायचा, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांनी स्वतंत्र तपासायचं, आणि मग तीस दिवसांपर्यंत ठेवता येतं. असं दाखल केल्याचं मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. तीस दिवसांपुढे ठेवायचं तर कलम ९० ची वेगळी, जास्त कडक प्रक्रिया आहे. साखळीने बांधायला या कायद्याने कुठल्याही परिस्थितीत बंदी आहे. तेव्हा सहा महिने त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवणं हे वहिनींच्या किंवा तुमच्या हातात नाही, आणि असं ठेवून घ्यायला आनंदाने तयार होणाऱ्या केंद्राकडे परवाना आहे का ते बघा.

कायदा बाजूला ठेवला तरी सहा महिन्यांचा मला फारसा फायदा दिसत नाही. आत दारू नाही, उसाचं बिल नाही, भाऊबंदांशी बांधावरून भांडण नाही. तिथे कोणीही चांगला राहतो. तो घसरतो बाहेर, म्हणून मेहनतही बाहेर घ्यायची. माझ्या भागातल्या पेशंटांच्या फाईली चाळल्या तर घसरण्याच्या तारखा कारखान्याच्या बिलांच्या तारखांशी जुळतात, इतक्या की मी डिसेंबर-जानेवारीत फॉलोअप मुद्दाम आठवड्यावर आणतो. खात्यावर रक्कम पडली की पहिली क्वार्टर त्याच संध्याकाळी. त्यासाठी उपाय साधाच आहे: तो बरा असताना, त्याच्याशी बोलून, त्याच्या सहीने खातं पत्नीबरोबर जोडखातं करून घ्या. ट्रॅक्टरची कागदपत्रं तुमच्याकडे ठेवा. उसळलेल्या अवस्थेत तो हे कधीच मान्य करणार नाही. शांत महिन्यांत मात्र बहुतेक जण करतात, काही जण तर स्वतःहून सुचवतात.

सुटल्यानंतरची पहिली भेट सात दिवसांच्या आत हवी, तीच तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरवड्याला, मग महिन्याला. हा सुटकेनंतरचा पहिला आठवडा मला सगळ्यात जास्त भीतीचा वाटतो. माणूस शुद्धीवर आलेला असतो, काय काय घालवलं ते दिसायला लागतं, आणि मॅनियानंतरची उदासी दबा धरून असते. आपल्या भाषेत फवारणीलाही औषध म्हणतात आणि गोळीलाही. ‘औषध घेतलं’ आणि ‘औषध प्यालं’ यातला फरक गावात लहान पोरालाही कळतो. तो घरी यायच्या आधी फवारणीची औषधं घरातून आणि गोठ्यातून हलवा, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. लिथियमही आठवड्यापुरतंच वहिनींच्या किंवा आईंच्या हाती असू द्या, कारण जास्त प्रमाणात तेही घातक आहे. ‘मरावंसं वाटतं का?’ हे सरळ विचारा, विचारल्याने विचार पेरला जात नाही. रात्री-बेरात्री कोणी सापडलं नाही तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

लिथियमबद्दल थोडं सविस्तर, कारण हा गोंधळ मी घरोघरी पाहिलाय. सुरू करण्याआधी किडनी आणि थायरॉइडची तपासणी. डोस लागू झाल्यावर पाच-सात दिवसांनी रक्तपातळी, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान हवी. पातळी वाढली की हात जोरात थरथरतात, जीभ जड होते, चालताना तोल जातो, उलट्या-जुलाब होतात. आता सांगा, हे बघून घरचे काय म्हणतील? ‘परत प्यायला!’ एका पेशंटला घरच्यांनी दोन दिवस खोलीत बंद करून ठेवलं, उतरेल म्हणून. त्याने थेंबही घेतला नव्हता. उन्हात दिवसभर सरी सोडलेली, पाणी कमी प्यालेला, कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खात होता. असल्या वेदनाशामक गोळ्यांनी लिथियमची पातळी चढते. तोंडाला वास नाही आणि तरी झुलतोय असं दिसलं तर थेट रुग्णालय. हेच कारण, की विथड्रॉवलच्या पहिल्या दिवसांत उलट्या-जुलाब चालू असतील तर मी लिथियम घाईने सुरू करत नाही. दोन-चार दिवस ओलान्झापिनवर सांभाळून, पेशंट नीट खाऊपिऊ लागला की सुरू करतो. काही जणांना लिथियमऐवजी व्हॅल्प्रोएट जास्त मानवतं. बायपोलर आणि दारू एकत्र असताना त्याने बेसुमार पिण्याचे दिवसही कमी होतात असं अभ्यासात दिसलंय, मात्र लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. हा निर्णय रिपोर्ट बघून तुमचे डॉक्टर घेतील.

दारूच्या ओढीवरही औषधं आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नाल्ट्रेक्सोन आहे, अकॅम्प्रोसेट आहे. पहिल्याला लिव्हर बघावं लागतं, दुसऱ्याला किडनी. लोकांना माहीत असते ती डायसल्फिराम, ‘दारू प्याली की उलटी होणारी गोळी’. ती घेणाऱ्याला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. एका बाईंनी ती नवऱ्याच्या आमटीत घातली, तो लग्नाला जाऊन प्यायला आणि माझ्याकडे आणला तेव्हा चेहरा लालबुंद, श्वास लागलेला, रक्तदाब हाताला लागत नव्हता. वाचला. नंतर त्याने सहा महिने बायकोच्या हातचं जेवण घेतलं नाही. ज्याला मॅनिया किंवा सायकोसिस (भास-भ्रम) होऊन गेलाय त्याला मी ही गोळी सहसा देत नाही, त्याने तो बिघडू शकतो. आणि तो उदास दिसला म्हणून कोणी फक्त डिप्रेशनची गोळी लिहून दिली तर बायपोलर आहे हे आधी सांगा. एकट्या त्या गोळीने असा माणूस वर उसळू शकतो.

दाखल न करता ओपीडीवर कोणाचं भागतं, असं इतर वाचणारे विचारतील. ज्याला सकाळी लागत नाही, फिट कधी आली नाही, घरात दिवसा कोणीतरी आहे, आणि मनाचा आजार आटोक्यात आहे, त्याचं भागतं. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी चार-एक बैठका घेतल्या, आणि तीन महिन्यांनी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले. नुसत्या नेहमीच्या उपचारात २६ टक्के. पूर्ण परावलंबी झालेले त्यात नव्हते, म्हणून तुमच्या भावाला ते लागू करू नका. पण ज्यांचं अजून तिथपर्यंत गेलेलं नाही त्यांच्यासाठी गावातल्या गावात बरंच करता येतं. आपल्या देशात दारूचं परावलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो, असं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत निघालं. दाखल होऊन उपचार १८० पैकी एकाला.

पैशाचा प्रश्न तुम्ही संकोचाने शेवटी लिहिलाय. पहिले आठ-दहा दिवस जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात होऊ शकतात, खर्च नाममात्र. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, नावाला घाबरू नका. लिथियम महाग औषध नाही. महाग पडतात त्या चुकलेल्या फेऱ्या.

वहिनींकडे परत येतो. इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारलं नसेल की तुम्ही झोपता का. भाऊ आत असताना ते पाच-सहा आठवडे त्यांना माहेरी जायचं असेल तर जाऊ द्या, गावात कोणी काही म्हणो. पोरीला वडील ‘कामाला गेलेत’ असं सांगू नका. ते आजारी आहेत, दवाखान्यात आहेत, एवढं तिला कळतं. आणि वहिनी स्वतः एकदा एकट्याने डॉक्टरांना भेटल्या पाहिजेत, तुम्ही आणि आई बाहेर थांबून. मार खाल्ला असेल तर ते सासूसमोर कोणी सांगत नाही.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचा सगळा डबा घेऊन जा, मिठाईचा डबा असेल तो असेल, अर्ध्या वापरलेल्या स्ट्रिप्ससकट. कुठल्या महिन्यात गोळ्या तुटल्या ते त्यावरून कळतं. आणि तो आडव्या रेघेचा कागद आज रात्रीच घ्या, आईंना शेजारी बसवून. कॉलेजचं दुसरं वर्ष त्यांना तुमच्यापेक्षा नीट आठवेल.